मदत हवी आहे: संगीतरत्नाकराच्या पोथीतली मंद्र-तार चिन्हं

संगीतरत्नाकर या शार्ङ्गदेवाच्या जुन्या संस्कृत संगीतग्रंथाच्या देवनागरी पोथीतले जातींचे (रागांच्या आधीच्या स्वरप्रकारांचे) प्रस्तार, म्हणजे स्वरांत लिहिलेले नमुने, उतरवून घेतेय. शार्ङ्गदेवाचा नियम भातखंड्यांच्या आजच्या स्वरलिपीच्या उलट: डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र (खालच्या सप्तकातला स्वर), उभी रेघ म्हणजे तार (वरच्या सप्तकातला). (हात अजून जुन्याच सवयीने चालतो!) पण लेखनिकाने खोडलेल्या अक्षरांवरही बारीक रेघा मारल्यात, आणि काही टिंबं नुसते शाईचे ठिपके वाटतात. अड्यार ग्रंथालयाच्या छापील प्रतीशी ताडून पाहिलं, कल्लिनाथाची या ग्रंथावरची संस्कृत टीकाही चाळली. काही ‘ध’ आणि ‘नि’ तरी जुळत नाहीत. मूळ पोथी बघायची सोय नाही, फक्त कृष्णधवल स्कॅन आहे. संस्कृत वाचता येतं. अशा ठिकाणी खरं स्वरचिन्ह कशावरून ओळखायचं: त्या जातीच्या मंद्र-तार मर्यादेवरून, की लेखनिकाच्या हाताच्या वळणावरून?