मदत हवी आहे: पुराच्या पट्ट्यात पेट्रोल पंप बांधायचाय

मंडळी, जरा डोकं लावा. कोल्हापूरजवळ शिरोलीकडे हायवेलगतच्या आमच्या जागेत पंप टाकायचाय. कॅनोपीवर, म्हणजे पंपाच्या छतावर, सोलर, दोन चार्जिंग पॉइंट, ट्रकवाल्यांना न्हाणीघर, एवढं पक्कं. अडलंय ते पाण्यावर.

2019 ला आणि 2021 ला पंचगंगा हायवेवर आली, ते सगळ्यांनी बघितलंय. रिकामी टाकी पुरात जमिनीतून वर उचलली जाते, म्हणून खाली काँक्रीट स्लॅबला पट्ट्यांनी आवळतात, हे कळलं. पण तेल भरायचं तोंड आणि टाकीतली वाफ बाहेर सोडणारा व्हेंट पाइप किती उंच घ्यायचे? ई-20 मध्ये (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) पाणी शिरलं की इथेनॉल त्याच्याबरोबर तळाला बसतं, मग सगळा माल वाया.

दुसरं, कॅनोपीवरचं पावसाचं पाणी साठवणार, फरशीवरचं तेलकट पाणी मात्र तेल-पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमधूनच गटारीत सोडणार. पुरात गटारच उलटी वाहिली तर तेल शेजारच्या उसात जाणार की! यावर उपाय केलाय का कुणी?

आई म्हणते, बचत गटाच्या बायकांना झुणका-भाकरीसाठी गाळा दे. मनात लई आहे, पण शेगडी पेटवायची तर टाक्यांपासून किती लांब? असं काम केलेला इंजिनिअर माहीत असेल तर सांगा. चहा माझ्याकडं.