मदत हवी आहे: हूड कॅनॉलवर काढलेली कालवं (ऑयस्टर) न्यू जर्सीला बहिणीकडे पाठवता येतील का?

नमस्कार मंडळी,

आम्ही वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलजवळ राहतो. आई वेंगुर्ल्याहून तीन महिन्यांसाठी आली आहे. जुलैच्या मोठ्या सुकतीला (ओहोटीला) तिला हूड कॅनॉलवर (नाव कॅनॉल असलं तरी ही समुद्राची खाडीच) कालवं काढायला न्यायचं ठरलंय (इथे उन्हाळ्यात मोठी सुकती दिवसा असते, हिवाळ्यात रात्री). त्यातली थोडी धाकट्या बहिणीला कुरियरने पाठवायची असा आईचा हट्ट आहे, आणि तिथेच गाडं अडलंय.

मागच्या महिन्यात मी एकटीच जाऊन आले. डझनभर कालवं शिंपल्यांसकट बादलीत घालून गाडीकडे निघाले, तर एका आजोबांनी थांबवलं. बादलीतलं एक कालव उलटं करून दाखवलं. शिंपल्याला नखाएवढी चार-पाच पिल्लं चिकटलेली! मी ती घरी नेऊन कचऱ्यात टाकणार होते. फार वाईट वाटलं. तिथेच बसून सगळी फोडली आणि शिंपले होते तिथे नेऊन ठेवले.

मग नियम नीट वाचले. 15 वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला शेलफिशचं लायसन्स हवं. दिवसाला माणशी 18 कालवं, प्रत्येकाची बादली वेगळी. शिंपला लांबीला किमान अडीच इंच हवा; इथलं मूळचं ऑलिम्पिया कालव त्याहून लहान असतं, ते त्यामुळे वाचतं. आणि फोडायचं किनाऱ्यावरच, शिंपले भरतीच्या त्याच पातळीला सोडायचे. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग त्यात नवीन काय? आपण तरी खडप (खडकाला चिकटलेली शिंपी) कुठे घरी आणतो?" खरंच आहे. आमच्याकडे वरची शिंपी उडवून मांस डब्यात घेतात, खालची खडकालाच राहते.

आता पाठवण्याचं. विक्रीच्या कालवांच्या पोत्याला टॅग असतो: कोणी, कुठून, कधी काढली. पोतं संपल्यावरही हॉटेलवाल्याला तो 90 दिवस जपावा लागतो, म्हणजे कोणी आजारी पडलं तर माल कुठल्या पाण्यातला ते शोधता येतं. परराज्यात माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव एफडीएच्या (अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याच्या) यादीत असावं लागतं. माझ्या डब्याला असलं काहीच नाही. मी विकणार नाही, घरच्या घरी देणार आहे, पण व्हिब्रिओ जंतू उन्हाळ्यात जोरात वाढतात आणि माझ्या बहिणीला सातवा महिना आहे. जंतू नीट शिजवल्यावर मरतात, पण लाल भरतीचं विष (समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाचं, कालवांत साठणारं) शिजवूनही जात नाही. त्यासाठी कुठला किनारा बंद आहे ते दाखवणारा आरोग्य खात्याचा नकाशा त्याच दिवशी सकाळी बघणार आहेच.

तुमच्यापैकी कोणी स्वतः काढलेली, फोडलेली कालवं परराज्यात घरच्यांना पाठवली आहेत का? राज्याच्या खात्याला आधी विचारलं होतं का, काय उत्तर मिळालं? की टॅग असलेली विकतची मागवून देणंच बरं? मला मनातून तेच योग्य वाटतं, पण आईला पटेल असं अनुभवातून कोणी सांगितलं तर हवं आहे.

आणखी एक, आईसाठी बाहेरच्यांचं लायसन्स काढावं लागेल. पाहुण्या आईवडिलांसाठी कोणी काढलं असेल तर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालला का?