नऊ वर्षांच्या मुलासाठी जादू-साहसाची पुस्तकं: कुठून सुरुवात करू?

निशिगंध:
लेक चौथीत आहे. मराठी सफाईने वाचतो, इंग्रजी जरा अडखळत. फास्टर फेणेचा फडशा पाडून झालाय, आता जादू, राक्षस, नकाशे असलेलं काहीतरी हवंय. मित्रांचं ऐकून हॅरी पॉटर मागतोय. पण भीतीदायक काही वाचलं की रात्री दिवा बंद करू देत नाही. सातही भागांचा संच घेऊन टाकू का? आणि मराठीतून की इंग्रजीतून?

ग्रंथसखी:
निशिगंध, संच आत्ता नको. मी शाळेचं वाचनालय सांभाळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हॅरी पहिल्या भागात अकरा वर्षांचा होतो आणि दर भागात एका वर्षाने वाढतो. गोष्टही तशीच मोठी होत जाते. तिसऱ्यात माणसातला आनंद शोषून घेणारे पहारेकरी येतात, चौथ्याच्या शेवटी शाळेतला एक मुलगा मारला जातो. तुमच्या लेकाला पहिला भाग द्या, आणि मराठीतूनच द्या: 'हॅरी पॉटर आणि परीस'. गोष्टीत शिरायचं असताना भाषेशी झटापट कशाला? इंग्रजी नंतर येईल.

मुखपृष्ठावरच्या वयाच्या आकड्यावर फार विसंबू नका. पहिलं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवा आणि थांबा. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून पुस्तक मागितलं तर ते त्याचं. नाही मागितलं तर दुसरं काढायचं, आग्रह करायचा नाही. टोल्किनच्या 'द हॉबिट' या साहसकथेचं हस्तलिखित प्रकाशकाने आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं होतं. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे आवडेल, असं त्या पोराने लिहून दिलं आणि १९३७ साली पुस्तक आलं. हॅरी पॉटरला तर कितीतरी प्रकाशकांनी नकार दिला होता. शेवटी एका प्रकाशकाच्या आठ वर्षांच्या मुलीने सुरुवातीचा भाग वाचून पुढचं मागितलं! मुलांना कळतं हो. आपण विचारतच नाही.

'हॉबिट'मध्ये नकाशा आहे, ड्रॅगन आहे, तेरा बुटके आहेत (त्यांची नावं लक्षात ठेवायला लावू नका). अंधाऱ्या गुहेत कोड्यांची जुगलबंदी रंगते, ते प्रकरण मात्र तुम्हीच वाचून दाखवा, दिवसाउजेडी. आमच्याकडची मुलं त्यानंतर आठवडाभर एकमेकांना कोडी घालत फिरतात.

देवगडकर:
नार्निया (सी. एस. लुईसची जादुई देशाची पुस्तकमालिका) घेतलंत तर एक सांगतो. हल्लीच्या संचांत 'द मॅजिशियन्स नेफ्यू'वर १ आकडा असतो, कारण त्यात त्या देशाच्या आरंभाची गोष्ट आहे, पण ते १९५५ सालचं आहे. सुरुवात १९५० च्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'पासून करा. कपाटातून बर्फात पोचण्याची गंमत आधीच सगळं माहीत असलं की राहत नाही.

निशिगंध:
आभार! परीसच आणते, एकच भाग. 'हॉबिट' आवडलं तर लगेच त्याच लेखकाचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चालेल का?

ग्रंथसखी:
नको. ते मुलांसाठी लिहिलेलं नाही, वर्णनं लांबलचक आहेत. आठवी-नववीत बघा. तोवर 'हॉबिट' पुन्हा वाचू दे, मुलं एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचतात तेव्हा अडवू नका.