मदत हवी आहे: ऊसतोड कुटुंबांचं शिक्षण आणि रोजगार, बीडसाठी जिल्हा पातळीचा डेटा

एम.ए.चा प्रबंध चालू आहे, विषय असा की बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातली पोरं दहावी-बारावी झाल्यावर पुन्हा कोयत्यावरच जातात का दुसरं काही काम धरतात.

पीएलएफएसचा (केंद्र सरकारचं रोजगार-बेरोजगारीचं सर्वेक्षण) युनिट लेव्हल, म्हणजे एकेका घराचा-माणसाचा डेटा उतरवून घेतलाय, आर या सॉफ्टवेअरमध्ये उघडतोय पण. जिल्ह्याचा कोड आहे खरा, पण वयोगट १८ ते २९ आणि शिक्षण असं चाळत गेलं की बीडची घरं हाताच्या बोटावर उरतात. अख्खा मराठवाडा घेतला तर नमुना पुरतो पण मग छत्रपती संभाजीनगरची एमआयडीसी आत येते आणि चित्रच बदलतं. जनगणना २०११ ची, म्हणजे जुनीच. यूडायसमधून (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) गळती काढायला गेलो तर दिवाळीनंतर आईबापाबरोबर फडावर गेलेल्या पोराचं नाव शाळेच्या पटावर तसंच असतं, त्यामुळे तिथं गळती दिसतच नाही (हंगामी वसतिगृहात राहिलेली पोरं वेगळी). शिवाय गावातलं घर कुलूपबंद आणि माणसं कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत), असं असताना सर्वेक्षणात ती कुठं मोजली जातात हा घोळ आहेच.

एका तालुक्यात स्वतः सर्व्हे करू शकतो, पण पट्टा पडायच्या (कारखान्याचा हंगाम संपायच्या) आत, आणि पैसे नाहीत. गाईड म्हणतात सरकारी आकडा पाहिजेच, त्यामुळे नुसत्या मुलाखती चालणार नाहीत.

तर २०१७-१८ पासूनची पीएलएफएसची वर्षं एकत्र करून बीडचा अंदाज काढला तर चालतं का, आणि तसं केल्यावर वेट्स (नमुन्यातल्या प्रत्येक घराला दिलेला भार) नेमके कसे बदलायचे?