मोटो ई घेतलाय का? पहिले अनुभव लिहा, दोन सिमवाल्यांनी तर नक्की

मे २०१४ मध्ये मोटोरोलाचा मोटो ई फोन आला, ६,९९९ रुपये, फक्त फ्लिपकार्टवर, आणि तेव्हापासून ओळखीतलं जो तो विचारतोय घेऊ का. आईसाठी मागवलाय म्हणून सुरुवात मीच करते. मागची बाजू गोलसर आहे, हातात धरायला एकदम छान. स्क्रीन ४.३ इंची, वर सहज ओरखडे न पडणारी गोरिला ग्लास ३, या किमतीत ही काच म्हणजे खरंच कौतुक. पण मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच, आईच्या जुन्या फोनवर मराठी मेसेज आला की नुसते चौकोन दिसायचे, इथे 'ज्ञानेश्वरी', 'कृष्णा' सगळी जोडाक्षरं नीट उमटतात, मावशीचा मेसेज तिने माझी वाट न बघता वाचला!! फक्त पुढे कॅमेरा नाही, म्हणजे व्हिडिओ कॉलवर नातू तिला दिसेल पण ती त्याला नाही. तुमचं सांगा.

* * *

ताई, मी सिमचं सांगतो. गाव कराडजवळ, नोकरी पुण्यात, गावी एका कंपनीची रेंज नि इथे दुसरीची, त्यामुळे आत्तापर्यंत दोन फोन बाळगत होतो. आता एकात भागतं. नेट कुठल्या सिमवर ते सेटिंगमधून ठरवायचं, आणि कुणाला कुठल्या सिमवरून लावतो हे फोन स्वतः लक्षात ठेवत जातो. दोन्ही खाचा मायक्रो सिमच्या आहेत हां, जुनं मोठं सिम बसत नाही, आधी कापून किंवा बदलून घ्या.

* * *

माझा नाशकात टेम्पोचा धंदा आहे. एक नंबर घरचा, एक गिऱ्हाइकांचा. एका सिमवर बोलत असलो की दुसरा बंद लागतो, हा काही या फोनचा दोष नाही, स्वस्त दोन सिमवाल्यांत सिग्नल पकडणारा रेडिओ एकच असतो, तो एका वेळी एकच कॉल सांभाळतो. उपाय आहे. दोन्ही नंबरांवर 'संपर्काबाहेर असल्यास' फॉरवर्ड एकमेकांना लावून ठेवा, मग बोलता बोलता दुसऱ्याचा कॉल वेटिंगला येतो. फॉरवर्डचे पैसे पडले तरी भाडं हातचं जाण्यापेक्षा परवडलं.

* * *

कॉलेजवाल्यांनी मात्र विचार करून घ्या. कॅमेरा ५ मेगापिक्सेल, फ्लॅश नाही, फोकसही ठरलेला, त्यामुळे मैत्रिणीच्या वहीचा फोटो जवळून काढला की अक्षरं धुरकट येतात, जरा लांबून काढला तर वाचता येतो. मेमरी ४ जीबी म्हणतात पण आपल्या वाट्याला साधारण निम्मीच येते. ३२ जीबीपर्यंतचं कार्ड चालतं, ते पहिल्या दिवशीच टाका, फोटो नि गाणी त्यावर. बाकी फोन अडकत नाही, १ जीबी रॅममध्ये अँड्रॉइड किटकॅट मस्त पळतं.

* * *

आमच्या बाबांना एफएम लागतं म्हणून घेतला. हेडफोन लावल्याशिवाय चालू होत नाही, त्याची वायरच एरियल असते, ती लावली की आकाशवाणी स्पष्ट. बॅटरी १९८० एमएएच, बाबांचं नेट बंदच असतं, त्यामुळे रानातून संध्याकाळी आले तरी बरीच उरलेली असते. ताई, आईंच्या फोनचा आवाज कसा आहे? बाबांना डाव्या कानाने कमी येतं, त्यांना स्पीकरवरच बोलावं लागतं.

* * *

चांगला मोठा आहे दादा, स्पीकर पुढच्या बाजूला आहे ना, टेबलावर ठेवला तरी आवाज दबत नाही. आई पोळ्या लाटताना तसाच ठेवून बोलते.