देणगीच्या पत्रात एकाच मुलीची गोष्ट सांगावी का?

पाटीपेन्सिल:
बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांचं एक वसतिगृह आहे. त्याचं दिवाळीचं आवाहनपत्र मी लिहिते. जुन्या पत्रांत पानभर स्थापना, विश्वस्त, पुरस्कार आणि पैशांचं शेवटी, 'यथाशक्ती सहकार्य करावे' एवढंच. माझं मत ठाम आहे, सुरुवात एका मुलीपासूनच व्हावी. आईबापांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते, दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी चढतात आणि चौथीतल्या मुलीने फडावर जायचं की शाळेत राहायचं, हे त्या सकाळी ठरतं. मग थेट मागावं : एका मुलीचं सहा महिन्यांचं जेवण, इतके रुपये. 2007 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतल्या उपासमारीच्या आकडेवारीपेक्षा रोकिया नावाच्या एका मुलीसाठी लोकांनी जवळपास दुप्पट पैसे दिले. तिच्या गोष्टीला आकडे जोडले, तर देणगी घटली.

हिशेबनीस:
म्हणून आकडे गाळायचे? अजिबात पटत नाही. मी निवृत्त बँक कर्मचारी, मार्चमध्ये अशी पत्रं ढिगाने येतात. डोळ्यांत पाणी येतं, पण मागच्या वर्षी दिलेल्या पैशांचं काय झालं ते एकातही नसतं. 'लोकसत्ता' 2011 पासून गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख करून देतं, तिथे अख्खं काम समजतं आणि लोक विश्वासाने धनादेश पाठवतात. आणि '80जी', म्हणजे देणगीवरची करसवलत, ठळक छापता, तर हेही छापा की 2000 रुपयांवर रोख दिल्यास वजावट नाही आणि नव्या करप्रणालीत ती मुळीच नाही.

पाटीपेन्सिल:
80जीचं मान्य, दुरुस्त करते. हिशेब वेगळ्या कागदावर जोडू. पण पहिल्या परिच्छेदात नको. तिथे वाचक हरवला तर पुढचा कागद कोण उलटणार?

घाटमाथा:
मी अशाच एका वसतिगृहात वाढले. संस्थेच्या पत्रकावर माझा फोटो होता, खाली 'बापाने टाकलेली'. कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या घरी गेले, तर तेच पत्रक तिच्या आईने जपून ठेवलेलं. त्या माउलीने मनापासून पैसे दिले होते. मी मात्र त्या घरी पुन्हा गेले नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 वाचा : काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही.

पाटीपेन्सिल:
ताई, वाचून हात थांबला. फोटो यंदापासून बंद, नाव-गावही बदलेन. पण गोष्ट सोडवत नाही हो. तिच्यामुळेच गेल्या वर्षी चाळीस मुली हंगामभर शाळेत राहिल्या. मुलीला आणि तिच्या आईला वाचून दाखवून, त्यांची परवानगी घेतली तर?

घाटमाथा:
जिच्या ताटात तुम्ही वाढता, ती दहा वर्षांची मुलगी तुम्हाला नाही म्हणेल?