हायवे ४९ : एका दिवसात नको

कॅलिफोर्नियातल्या हायवे ४९ वरचे ओकहर्स्ट ते व्हिंटन हे जवळपास ३०० मैल गाडीने एका दिवसात उरकायचा बेत काहीजण आखतात. तसं करू नका, नकाशावरची वेळ इथे फसवते. मारिपोसा सोडलं की रस्ता वळणावळणांनी मर्सेड नदीपर्यंत उतरतो आणि पलीकडे कोल्टरव्हिलकडे तसाच चढतो. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवले तर तापून त्यांची पकड जाते, म्हणून गिअर खालचा ठेवा. टाकी मारिपोसातच भरा.

कोलोमाला मात्र अर्धा दिवस द्या. जानेवारी १८४८ मध्ये जेम्स मार्शल या सुताराला सोनं दिसलं ते इथेच. तिथल्या उद्यानात सोनं शोधायला रेती धुताना फक्त हात आणि पॅन (उथळ थाळी) चालतात, फावडं नाही. डाउनीव्हिलपुढचा युबा पास हा घाट सुमारे ६,७०० फुटांवर. हिवाळ्यात बर्फासाठी टायरच्या चेन सोबत हव्यातच.